नको म्हणणाऱ्याला दवाखान्यात कसे न्यायचे?

“बाई, यायले जबरदस्तीनं दवाखान्यात टाकता येते काय जी?” आवाज अगदी खाली आणून हा प्रश्न विचारणाऱ्या बायका आमच्या राळेगावात थोड्या नाहीत. मी अर्धवेळ शिक्षिका. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला आया येतात, सही होते, पण त्या काही उठत नाहीत. पदराशी चाळा करत बसतात, आणि मग हा विषय निघतो. मी काही वकील नाही, पण नागरिकशास्त्र शिकवते म्हणून बाईंना कायदा ठाऊक असणार, असा सगळ्यांचा समज! शेवटी कायद्याचे पुस्तकच मागवले आणि नीट वाचून काढले. त्यात जे आहे ते तुमच्यापुढे ठेवते.

मैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही. माणूस दारू पितो, चुकाऱ्याचे पैसे उडवतो, घरात रोज कटकट करतो, एवढ्यावर सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कुठेही कोंडता येत नाही. बायकोला नाही, आईला नाही आणि पोलिसांनाही नाही. पण व्यसन एका हद्दीपलीकडे गेले, त्यापायी त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण झाला आणि आपले बरेवाईट ठरवण्याची त्याची शक्तीच उरली नाही, तर कायदा एक दार उघडतो. ते दार अरुंद आहे आणि थोडेच दिवस उघडे राहते, पण ते आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बायका वर्षानुवर्षे मार खात बसतात, नाहीतर भलत्याच दाराने जातात. त्या भलत्या दाराबद्दल पुढे सांगणारच आहे.

आमच्याकडची गंमत बघा. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, आणि तिथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. मधोमध आमचा यवतमाळ, जिथे बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढून काढून चपला झिजवल्या. बंदी असावी की नसावी, हा वाद मी आज घेत नाही. नदीच्या अलीकडे काय किंवा पलीकडे काय, ज्याच्या हाताला सकाळी उठल्याबरोबर कंप सुटतो, त्याला ती कुठूनतरी मिळतेच. देशी नाहीतर हातभट्टीची, नाहीतर मोहाची. केंद्र सरकारने २०१९ साली देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. त्यात म्हटले होते, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळालेले असतात. बाकीचे ३७ आपापल्या घरी, म्हणजे आपल्या बायकांच्या अंगावर.

आता कायदा. इंग्रजांच्या वेळचा १९१२ चा वेड्यांसाठीचा कायदा, नंतर १९८७ चा, आणि आता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून लागू झाला. आजार म्हणजे काय याची व्याख्या देताना या कायद्याने स्पष्ट लिहिले आहे, की दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्था यात येतात. म्हणजे ‘हा काय वेडा आहे का, याला तो कायदा कसा लागेल?’ असे कोणी म्हणाले, तर ते चूक. मात्र त्याच कायद्याने असेही सांगितले आहे, की एखादा समाजाच्या नीतीला धरून वागत नाही, कामधंदा करत नाही, चारचौघांसारखा राहत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवायचे नाही. आजार आहे की नाही हे डॉक्टरांनी वैद्यकीय कसोट्यांवर ठरवायचे. सासूबाईंनी नाही, पंचांनी नाही आणि तुम्ही-आम्हीही नाही.

दुसरा शब्द लक्षात ठेवायचा तो ‘निर्णयक्षमता’. डॉक्टर त्याला आजाराबद्दल आणि उपचाराबद्दल सांगतात, ते त्याला समजते का? उपचार घेतले तर काय होईल, नाही घेतले तर काय होईल, हे त्याच्या ध्यानात येते का? आपला निर्णय तो बोलून, खुणेने, कसाही सांगू शकतो का? हे जमत असेल, तर त्याचा निर्णय तुम्हाआम्हाला कितीही मूर्खपणाचा वाटो, तो त्याचा. कायदा तर उघड म्हणतो, की निर्णय चुकीचा दिसतो एवढ्यावरून क्षमता नाही असे धरायचे नाही. हे वाचून प्रथम मला राग आला होता. रात्री आठ वाजता ज्याला स्वतःचे घर ओळखू येत नाही, तो सकाळी अंघोळ करून, केस विंचरून डॉक्टरांसमोर बसतो आणि ‘साहेब, मी तर कधीमधी घेतो, हिलाच संशयाची सवय’ म्हणतो. अशा वेळी बाई खोटी पडते! यावर उपाय आहे, तोही पुढे सांगते.

तर मनाविरुद्ध भरती कधी होते? कायद्याचे कलम ८९ हे आपले मुख्य कलम. त्यात तीन प्रसंग दिले आहेत, आणि त्यांपैकी एक तरी असावा लागतो. पहिला, त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली आहे किंवा प्रयत्न केला आहे. आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या औषधाचा डबा हातात घेऊन ‘पितो आता’ म्हणणारा माणूस काय असतो, हे मी सांगायला नको. दुसरा, तो इतरांवर हात टाकतो, किंवा त्याच्यापासून मार बसेल अशी भीती त्याने घातली आहे. ही भीतीसुद्धा पुरते, डोके फुटेपर्यंत थांबायची गरज नाही. तिसरा, स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले आहे की त्यातच त्याला धोका आहे. जेवण सुटले, कपड्यांतच सगळे होते, हिवाळ्याच्या रात्री नालीकाठी पडून राहतो, असे.

नुसते हे सांगून भागत नाही. दोन जणांनी त्याला वेगवेगळे तपासायचे. एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला तज्ज्ञ किंवा साधा डॉक्टर चालतो. ही तपासणी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली असावी. दोघांचेही मत पडले पाहिजे, की आजार इतका तीव्र आहे, याहून कमी बंधनाचा दुसरा उपाय नाही, आणि या घडीला हा माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही. आणि अर्ज कोणी करायचा? त्याच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा. त्याने पूर्वी कोणाला लेखी नेमले असेल तर ती व्यक्ती, नसेल तर नातेवाईक. नातेवाईक म्हणजे रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे नाते. म्हणजे बायकोची सही चालते. ‘दिराला घेऊन या, बाईमाणसाच्या सहीवर होत नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याला कलम १४ दाखवा.

अशी भरती जास्तीत जास्त तीस दिवसांची. १९८७ च्या कायद्यात नातेवाइकांच्या अर्जावर नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येत असे, आता तीस. त्यातही दर सात दिवसांनी डॉक्टरांनी बघायचे, की याची निर्णयक्षमता परत आली का. आली, की सक्ती संपली. मग तो स्वतःच्या राजीखुशीने राहील तर राहील, नाहीतर घरी. आणि दारूचे असे आहे, की पोटात ती जायची थांबली आणि औषधे लागू पडली, की आठ-दहा दिवसांत पुष्कळांचे डोके ताळ्यावर येते. म्हणजे कागदावर तीस असले तरी तुमच्या हातात आठच दिवस येतील असे समजून चला. सक्तीने माणूस दवाखान्यापर्यंत जातो, शुद्धीवर येतो, इतकेच तिचे काम. दारू सोडायची की नाही, हे त्या शुद्धीवर आलेल्या माणसाशी नव्याने बोलावे लागते. ते आठ दिवस म्हणूनच सोन्याचे. घरी उसंत मिळाली म्हणून माहेरी निघून जाऊ नका. (जावेसे वाटते, त्यात चूक काही नाही!) डॉक्टर भेटीला बोलावतील तेव्हा जा, आणि जुनी उणीदुणी तिथे काढू नका.

तीस दिवसांनंतरही गरज असेल तर कलम ९०. त्यासाठी दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगीही. हे मंडळ म्हणजे या कायद्याचा पहारेकरी. मनाविरुद्धच्या प्रत्येक भरतीची खबर दवाखान्याने मंडळाला सात दिवसांत द्यायची, आणि भरती झालेली बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. ज्याला भरती केले तो स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो, आणि मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा.

आता काही जण हो-ना करत स्वतःहून भरती होतात आणि तिसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभे राहतात. स्वतःहून आलेल्याला स्वतःहून जाता येते, हे खरे. पण त्याची अवस्था वर सांगितलेल्या प्रसंगांसारखी दिसत असेल, तर डॉक्टर त्याला चोवीस तास थांबवून ठेवू शकतात, कलम ८९ लागू होते का हे तपासण्यासाठी. ही तरतूद कलम ८८ मध्ये आहे. दवाखान्यातून ‘तुमचा माणूस निघाला’ असा फोन आला, तर या चोवीस तासांबद्दल विचारा.

हे झाले सवडीचे. पण रात्री दोन वाजता, भिंतीवर साप दिसतात म्हणून तो कुऱ्हाड घेऊन उठला तर? ही वेळ बहुधा दारू एकाएकी बंद झाल्यावर येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू तुटली, की काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन तो नसलेले बघू लागतो, बडबडतो, अंगात ताप भरतो. हे भूतबाधा नव्हे. यात माणूस दगावू शकतो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल’ हा शेजाऱ्यांचा सल्ला मुळीच ऐकू नका. १०८ ला फोन करून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांना हा रोज पिणारा आहे, शेवटची केव्हा घेतली, हे आवर्जून सांगा. ‘ब-१’ जीवनसत्त्व ग्लुकोजच्या आधी द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना ते ठाऊक असते, पण तो पिणारा आहे हे त्यांना कळले तर ना! आपल्या बायका लाजेपोटी ‘ताप आला, अशक्तपणा आहे’ म्हणतात आणि खरे लपवतात.

अशा आणीबाणीसाठी कलम ९४ आहे. जीव जाण्याचा किंवा प्रकृतीचे भरून न येणारे नुकसान होण्याचा धोका, स्वतःला अथवा दुसऱ्याला गंभीर इजा, किंवा आजाराच्या भरात मालमत्तेची मोठी मोडतोड, यांपैकी काही टाळायचे असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, तातडीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. मुदत बहात्तर तास. तेवढ्यात त्याला मानसोपचाराच्या दवाखान्यात नेऊन तपासणी व्हावी, असा हेतू. त्याला तिथे पोचवणे हेही त्या उपचारात धरले आहे.

राळेगावहून जायचे कुठे? कळंबवरून यवतमाळला गेले की वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. नदीपलीकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. आणि नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चार सरकारी मनोरुग्णालये आहेत, नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी. निघण्यापूर्वी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून कुठे न्यावे ते विचारा. हा फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी निराळा क्रमांक १४४४६.

पोलिसांचे काम काय? व्यसनामुळे आजारी झालेला माणूस स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असे ठाणेदारांना वाटण्यासारखे कारण असेल, तर त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणे, हे कलम १०० प्रमाणे त्यांचे कर्तव्य आहे. मात्र त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ‘एक रात्र आत टाकतो, उतरेल’ ही जुनी पद्धत या कायद्यात बसत नाही, आणि वर सांगितलेला भ्रम कोठडीत झाला तर तिथे कोण बघणार? याशिवाय दंडाधिकाऱ्यांपुढे असा माणूस आला किंवा आणला गेला, तर त्यांना कलम १०२ खाली लेखी आदेश देता येतो, की याला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी व उपचारासाठी न्यावे, किंवा जास्तीत जास्त दहा दिवस दवाखान्यात ठेवून तपासावे. तालुक्याच्या कोर्टात जायचे म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. पण बाईला उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्यासाठी १५१०० वर फोन करावा.

आणि आता ते भलते दार. तुम्हीही ऐकले असेल. ‘एक फोन करा, आमची माणसे येऊन उचलून नेतात’ असे सांगणारी केंद्रे असतात. चार धट्टीकट्टी माणसे गाडीतून येतात, हातपाय धरून नेतात, पुढे दोन-तीन महिने भेटू देत नाहीत आणि महिन्याला पैसे घेतात. बाई रडते, पण मनातून सुटल्यासारखे वाटते. तिला मी नावे ठेवणार नाही, दहा वर्षे सोसल्यावर कोणालाही वाटेल. पण हे बेकायदा आहे. ना तपासणी, ना दोन डॉक्टर, ना मंडळाला खबर. मनोरुग्णांना वा व्यसनींना भरती करून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी असावी लागते, नसेल तर पहिल्या वेळेलाच पाच ते पन्नास हजार रुपये दंड. साखळीने बांधणे तर कोणत्याही परिस्थितीत मना आहे, कलम ९५. याला कारण आहे. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका आश्रमाला आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. तेही कोणीतरी त्यांच्या भल्यासाठीच ठेवलेले होते. तेव्हा केंद्रात पाऊल टाकताच नोंदणीचा दाखला बघायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात ते विचारा, आणि ‘पहिला महिना भेट नाही’ म्हणाले तर तसेच परत फिरा. चांगल्या संस्था आपल्याकडे आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथे दारू सोडलेली माणसेच पुढे दुसऱ्यांना आधार द्यायला उभी राहतात.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, इतके नियम कशाला? पिणाऱ्याचेच लाड! मलाही आधी तसेच वाटले होते. मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. बायकोच्या सहीवर नवऱ्याला कोंडता येते, तर नवऱ्याच्या सहीवर बायकोलाही येते. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून कोणाची बोळवण करणे सगळ्यात सोपे असते, सांगा बरे? २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका सज्ञान मुलीचा दावा आला होता. आई-वडिलांनी अँब्युलन्स बोलावून तिला बळजबरीने मनोरुग्णालयात नेले होते. न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि तिला भरपाई द्यायला लावली. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातही डॉ. हरीश शेट्टी या मानसोपचारतज्ज्ञांच्या जनहित याचिकेतून, बऱ्या होऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयांत पडून राहिलेल्या माणसांचा प्रश्न पुढे आला. दोन डॉक्टर, तीन दिवसांत खबर, सात दिवसांत निकाल, हे अडसर आपल्याच अंगणाचे आहेत. परदेशातही तसेच. आपला कायदा झाला त्याच २०१७ साली न्यूझीलंडने खास तीव्र व्यसनासाठी सक्तीच्या तपासणीचा व उपचाराचा कायदा केला. त्यातही नुसते व्यसन पुरत नाही, निर्णयक्षमता फार ढासळलेली असावी लागते, आणि मुदत आठ आठवडे. स्वीडनमध्ये सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते, पण तिथेही न्यायालयाचा आदेश लागतो.

मुलांचे थोडक्यात सांगते. अठराच्या आतील मुलाची भरती पालकांच्या अर्जावर, दोघांच्या तपासणीनंतर होते, मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने सोबत राहायचे असते. गांजा, ब्राऊन शुगर यांत सापडलेल्या मुलाला ‘पोलीस धरतील’ म्हणून आया लपवून ठेवतात. तर अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावरील खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले, तर ही सूट काढूनही घेता येते.

आता तो उपाय, डॉक्टरांसमोर खोटे न पडण्याचा. भिंतीवरचे कालनिर्णय घ्या. दुधाचे खाडे जसे मांडतो, तसे मांडत चला. कोणत्या तारखेला मारले, कधी विष घेण्याची धमकी दिली, कधी रस्त्यावरून उचलून आणले, किती दिवस जेवला नाही, फिट कधी आली. दोन-दोन शब्द पुरेत. कायद्यात ‘अलीकडे’ हा शब्द आहे, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या मारापेक्षा मागच्या मंगळवारची तारीख जास्त कामाची. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. जुन्या चिठ्ठ्या, आधार, रेशनकार्ड एका पिशवीत घालून ती पिशवी शेजारणीकडे ठेवा. घरात ठेवलीत तर तो फाडेल. मारहाणीपासून संरक्षणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहेच. नवरा आजारी आहे म्हणून तुमचा तो हक्क कमी होत नाही, दोन्ही वाटा एकदम धरता येतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. ‘न कळत दारू सोडवा, जेवणात मिसळा’ अशा पुड्या-गोळ्यांच्या मोहात पडू नका. डायसल्फिराम नावाची गोळी खरोखरच आहे, पण ती डॉक्टरांनी, तपासण्या करून, त्या माणसाला सांगून आणि त्याच्या संमतीनेच द्यायची असते. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधड होते, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस जाऊही शकतो. ज्याला ठाऊकच नाही तो पिणारच. मग वरणात गोळी कोणी घातली, याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. जाहिरातीतल्या पुडीत काय असते हे तर तिच्यावर लिहिलेलेही नसते.

माणूस घरी आल्यावर एक काम जरूर करा. बऱ्याच घरी पुन्हा घसरण होते, तशी ती झालीच तर उपयोगी पडेल असे हे काम आहे. सुटका झाल्यापासून सात दिवसांच्या आत पुन्हा मनाविरुद्ध भरती करायची वेळ आली, तर कलम ८९ नाही, कलम ९० लागते, म्हणजे कागद वाढतात. म्हणून तो शुद्धीवर आहे, चहा पीत बसला आहे, अशी एखादी सकाळ बघून त्याला कोऱ्या कागदावर लिहायला सांगा, की मला निर्णय घेता येईनासा झाला तर माझ्या वतीने कोणी ठरवायचे. कायद्याला साधा कागद चालतो, सही किंवा अंगठा पुरतो. नाव तुमचेच असले पाहिजे असे नाही. त्याच्या बहिणीवर, मामावर त्याचा जास्त विश्वास असेल तर त्यांचे लिहू द्या, फक्त पिण्यातल्या मित्राचे नको. याच्या पुढची पायरी म्हणजे ‘आगाऊ निर्देश’. पुन्हा तशी अवस्था झाली तर मला कुठे न्यावे, कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे त्यानेच आधी लिहून ठेवायचे. ते साक्षीदारांसमोर करून मंडळाकडे नोंदवायचे असते. दवाखान्यातल्या समाजसेविका बाई त्याचा नमुना देतात, निघायच्या दिवशी तो त्यांच्याकडून मागून घ्या.